जर्मनीला हरकत

राजकुमार खिल्लारे संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये एका कारखान्यात क्वालिटीला होता. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं तो स्वतःच सांगायचा. मशीनवरून उतरलेला पार्ट उचलायचा, त्याला मापाचं गेज लावायचं, आणि एवढासा जरी फरक निघाला तरी बाजूच्या लाल पेटीत टाकून द्यायचा. चांगले पार्ट हिरव्या पेटीत जायचे, पण तिकडं तो पुन्हा वळून बघायचा नाही. लग्नसुद्धा त्यानं याच पद्धतीनं चालवलं. भाजीत मीठ कमी, दाराची कडी नीट लावली नाही, पोरीच्या वेणीचा भांग वाकडा. शेवटी रूपानं एकदा त्यालाच गेज लावून पाहिलं, तेव्हा आपण कुठल्या पेटीत पडतो हे त्याला कळलं.

घटस्फोट दोघांच्या राजीखुशीनं झाला. रूपा उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहायला गेली. ती एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होती. लेक अमृता तिच्याकडंच राहणार आणि रविवार बापाचा, असं कोर्टानं लिहून दिलं. राजकुमार पुंडलिकनगरात आपल्या आईजवळ, भामाबाईजवळ राहायचा. रविवारी सकाळी लेकीला मोटारसायकलवर आणायचं, दिवसभर हिंडवायचं, संध्याकाळी जिन्याखाली सोडायचं. अमृता चौथीत होती. बापाला ती 'पप्पा, तुम्ही' म्हणायची आणि मागच्या सीटवर बसून त्याच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढायची.

अशाच एका रविवारी संध्याकाळी अमृता जिना चढून वर गेली आणि रूपा खालीच थांबली.

"थांबा जरा. बोलायचं होतं."

घटस्फोट झाला तरी तिचं अहो-जाहो सुटलं नव्हतं. राजकुमारला ते ऐकून दर वेळी उगाच बरं वाटायचं.

"मला जर्मनीत नोकरी लागली. मोठ्या दवाखान्यात. अमृताला घेऊन जायचा विचार आहे."

"नाय," राजकुमार म्हणाला.

"ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. नाय."

वर्षभर रूपाच्या हातात जर्मन भाषेची जाड पुस्तकं त्यानं पाहिली होती. हिनं कसला तरी क्लास लावलाय एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं होतं. कसला, कशासाठी, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. आता मात्र जगातला सगळा अन्याय आपल्याशीच झाला, अशा थाटात तो उभा राहिला.

"तिच्या व्हिसाला तुमची संमती लागती," रूपा म्हणाली. "नाय दिली तर मला कोर्टात जावं लागंल."

"जा की. कोर्ट काय जर्मनीत आहे का?"

हे वाक्य त्याला फार आवडलं. पुंडलिकनगरपर्यंत गाडीवर तो ते मनातल्या मनात घोळवत आला. घरी आल्यावर शाबासकी मिळेल म्हणून भामाबाईला सगळा प्रसंग रंगवून सांगितला. भामाबाई मेथी निवडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि हातातली जुडी खाली ठेवली.

"पोरगी परदेशी शिकणार म्हणती, अन् तू आडवा पडला? बाबासाहेबाच्या फोटूखाली बसून बोलायलास, राजू. जरा सरकून तरी बस."

"माय, बाबासाहेब एकटे गेले होते. बापाजवळचं लेकरू उचलून नव्हते नेलं."

भामाबाई पुन्हा मेथी निवडायला लागली. राजकुमारला वाटलं, आपण जिंकलो. तरी तो थोडा सरकून बसला.

महिनाभरात रूपाचा अर्ज कोर्टात लागला. राजकुमारनं कारखान्यातल्या एकाच्या ओळखीनं वकील धरला. बन्सी वाघमोडे त्यांचं नाव. माणूस जाडजूड, चहाशिवाय कायदा न बोलणारा.

"हे बघा राजकुमारभाऊ," बन्सी वकील बशीत चहा ओतत म्हणाले, "ताबा आईकडं आहे म्हणून तिला पोरगी देशाबाहेर नेता येत नाय. तुम्ही बाप आहात, तुमचा हक्क शाबूत आहे. एक तर तुम्ही व्हय म्हणायचं, नायतर कोर्टानं."

"मग झालं तर. मी नाय म्हणलो."

"तेवढ्यानं भागत नाय. कोर्ट तुमचा हक्क बघत नाय अन् तिचाबी बघत नाय. पोरीचं भलं कशात, एवढंच बघतं. म्हणून तिथं पोरीचं वाईट होईल हे आपल्याला दाखवावं लागंल." त्यांनी फुर्र करून चहा ओढला आणि आवाज खाली आणला. "अन् एक ध्यानात ठेवा. पोरगी एकदा तिकडं गेली, अन् बाईनं पुन्हा पाठवलीच नाय, तर इथल्या कोर्टाचा हुकूम तिकडं कुणी सहजासहजी ऐकत नाय. दोन देशांत तसा करारच नाय."

आतापर्यंत राजकुमार नुसता रुसला होता. आता त्याला भीती वाटायला लागली. पण भीती वाटते असं वकिलाला कसं सांगणार? तो म्हणाला, "खोट काढायचं माझ्यावर सोडा. धंदाच आहे आपला."

आणि तो जर्मनीच्या मागं लागला.

जेवताना मोबाईल, कंपनीच्या बसमध्ये मोबाईल, संडासात मोबाईल. तिथं राहणाऱ्या मराठी बायकांचे व्हिडिओ, तिथल्या शाळांचे व्हिडिओ, तिथल्या कचऱ्याचेसुद्धा व्हिडिओ. एका देशात कचऱ्याचे इतके डबे असतात आणि चुकीच्या डब्यात काही टाकलं तर शेजारी येऊन बोलतात, हे पाहून खरं तर त्याला संताप यायला हवा होता. पण क्वालिटीच्या माणसाला ते बघून कसं गार वाटलं! रेल्वे उशिरा येते असं कळल्यावर त्यानं ते आनंदानं टिपून घेतलं. मग कळलं की थोडा वेळ जरी उशीर झाला तरी लोक चिडतात. त्यानं टिपलेलं खोडलं.

भाषा अवघड आहे हे सिद्ध करायला त्यानं मोबाईलवर जर्मन शिकायचं ॲप घेतलं. रविवारी सिद्धार्थ उद्यानात बाकावर बसून तो अमृताला म्हणाला, "बघ, किती भयंकर भाषा आहे ती. खारीला काय म्हणतात माहितीये? आईख-होरन-चेन."

"चेन नाही पप्पा, शेन. आइश-ह्योर्न-शेन," अमृता म्हणाली. आईचं ऐकून ऐकून तिच्या जिभेवर ते बसलं होतं. "परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं. समोरच्या झाडावरची खार तेवढ्यात पळून गेली. अमृता हसून हसून बाकावरून घसरली. मग दर रविवारी हाच खेळ सुरू झाला. झाड, कुत्रं, शेंगदाणे, भेळवाला. भेळवाल्याला जर्मनमध्ये शब्द नाही, हा दोष राजकुमारनं तेवढा नोंदवला. बाकी लेकीला जर्मनीच्या विरोधात तयार करायला निघालेला बाप दर रविवारी तिची तयारी करून घेतोय, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

कोर्टात दिलेलं शपथपत्र त्यानं स्वतः सांगून लिहून घेतलं होतं. सदर देशात हिवाळ्यात दुपार सरता सरताच अंधार पडतो. सदर देशातील भाषा उच्चारण्यास कठीण आहे. सदर देशात रविवारी दुकानं बंद असतात, सबब मुलीची गैरसोय होईल. बन्सी वकिलांनी शेवटच्या मुद्द्यावर डोकं खाजवलं होतं, पण अशिलाचा उत्साह बघून गप्प बसले.

तारीख आली. रूपाच्या वकील सुलेखाताई बारीक चणीच्या, मऊ आवाजाच्या. राजकुमारला वाटलं, या काय आपल्याला विचारणार!

"तुम्ही जर्मनीला कधी गेलात?" त्यांनी विचारलं.

"नाय. पण अभ्यास केलाय."

"वा. शाळांचा केला?"

"केला की."

"काय दिसलं?"

"पोहायला शिकवतात, मॅडम. शाळेतच. प्रत्येक लेकराला."

"अमृताला पोहता येतं?"

"नाय. मी शिकवणार होतो."

"कधीपासून शिकवणार होतात?"

जज मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. राजकुमारनं बन्सी वकिलांकडं पाहिलं. बन्सी वकिलांनी छताकडं पाहिलं.

"बरं, राहू द्या," सुलेखाताई म्हणाल्या. "तुमच्या कारखान्यात मोजमाप करायचं मोठं मशीन आहे. कुठल्या देशाचं?"

"याचा इथं काय संबंध?" बन्सी वकील उठले.

"उत्तर द्या," जज मॅडम म्हणाल्या.

"जर्मन."

"कसं आहे?"

'ठीक आहे' म्हणून मोकळं होता आलं असतं. दुसऱ्या कुठल्याही शहाण्या बापानं तेच केलं असतं. पण त्या मशीनला नुसतं ठीक म्हणायचं? राजकुमारची जीभच वळेना.

"एक नंबर, मॅडम. केसाच्या जाडीएवढा फरक सोडत नाय. इतकी वर्षं झाली, एकदा खोटं बोललं नाय. कधी कधी आपल्यालाच वाटतं चुकलं म्हणून, मोजून बघावं तर आपणच चुकलेलो. माणसानं असं काही बनवावं म्हणजे..."

"पुरे," जज मॅडम म्हणाल्या. त्यांनी ओठ दाबून धरले होते. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. बन्सी वकिलांनी पेनाचं टोपण लावलं.

दुपारनंतर जज मॅडम आपल्या खोलीत अमृताशी एकट्याच बोलल्या. मग त्यांनी आईबापाला आत बोलावलं. वकिलांना नाही. अमृता मोठ्या खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसली होती. समोरच्या बशीतलं बिस्किट तिनं अर्धंच खाल्लं होतं.

"मघाशी मला जे विचारलंस ते पप्पांना विचार," जज मॅडम तिला म्हणाल्या.

अमृतानं बापाकडं पाहिलं. "तिथं रविवारी सगळं बंद असतं ना, पप्पा? तुम्हीच म्हणाला होता."

"व्हय."

"मग मम्मीची ड्यूटी असली तर रविवारी मी काय करू? रविवार तर तुमचा असतो."

रूपा खिडकीकडं बघायला लागली. हीच ओळ राजकुमारनं स्वतः शपथपत्रात घातली होती. सबब मुलीची गैरसोय होईल. दुकानं बंद असली की दूध कुठून आणायचं, एवढाच त्याचा विचार होता. एवढ्या मोजमापातून हे कसं निसटलं?

"फोन करायचा," तो कसाबसा म्हणाला. "समोर दिसतो तसला."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"अन् तुम्हाला ओव्हरटाईम लागला तर?"

"नाय घेणार."

"मम्मी आपल्या घरी असताना तर दर वेळी घ्यायचात," अमृता म्हणाली. ती तक्रार करत नव्हती, आपलं आठवलं तसं बोलली. लागायचं तिथं मात्र ते बरोबर लागलं.

जज मॅडमनी तिला बाहेर शिपाईबाईंजवळ बसायला पाठवलं आणि राजकुमारकडं वळल्या. "खिल्लारे, तुमची हरकत नेमकी कशाला आहे? अंधाराला, भाषेला, की दुकानांना?"

राजकुमारनं मान खाली घातली. "मला भीती वाटती, मॅडम. ती तिकडची होऊन जाईल. एक दिवस फोन उचलंल अन् कोण बोलतंय म्हणून विचारंल."

"हे तुमच्या शपथपत्रात कुठंच नाही."

"वकिलांनी विचारलं नाय," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच हसू आलं. "अन् विचारलं असतं तरी मी दुकानंच सांगितली असती."

त्यानंतरचं काम सोपं नसलं तरी भांडणाचं राहिलं नाही. समुपदेशक बाईंसमोर बसून दोघांनी अटी ठरवल्या. रविवार बापाचाच, फोनवर का होईना. तिथल्या उन्हाळी सुट्टीत पोरीनं संभाजीनगरला यायचं आणि सुट्टी संपायच्या आत परत जायचं. शाळा बदलली, घर बदललं, आजारपण आलं, तर आधी कळवायचं. कोर्टाला विचारल्याशिवाय कुणी काही बदलायचं नाही. रूपानं लिहून दिलं, राजकुमारनं संमती दिली. बन्सी वकील म्हणाले, "असं करायचं होतं तर मला कशाला धरलं? फुकट एवढा चहा पिलो."

कोर्टाच्या व्हरांड्यात रूपा त्याच्याजवळ आली. "मशीनचं किती कौतुक केलं हो तुम्ही," ती म्हणाली. "सगळं कोर्ट ऐकत होतं. माझ्याबद्दल एवढं कधी बोलला नाहीत."

तो म्हणाला, "स्वेटर घे तिला. इथले नको, तिथं गेल्यावर घे. इथल्यांनी भागत नाय." मग एवढंही आपल्यालाच ठाऊक आहे हे दाखवायची हौस फिटेना म्हणून म्हणाला, "थर लावून घालायचे असतात."

"माहितीये," रूपा म्हणाली, आणि हसली.

जायच्या दिवशी भामाबाईनं नातीला घट्ट धरलं आणि एवढा वेळ सोडलं नाही की शेवटी राजकुमारलाच तिचे हात सोडवावे लागले. "तूच म्हणत होतीस, जाऊ दे म्हणून," तो म्हणाला. "व्हय, म्हणत होते," भामाबाई डोळे पुसत म्हणाली, "म्हणायला काय जातंय? आता हे घर खायला उठंल."

मग रविवार फोनवर सुरू झाले. पहिले काही महिने कठीण गेले. शाळेत कुणी बोलत नाही म्हणून अमृता रडायची. राजकुमारला वाटायचं, बघा, मी सांगत नव्हतो! मग ते वाटल्याची लाज वाटायची. एका रविवारी ती रडली नाही. पुढच्या रविवारी, मैत्रिणीकडं जायचंय म्हणून तिनं फोन लवकर ठेवला. त्या दिवशी त्यानं भामाबाईला लसूण सोलून दिला, नंतर गाडी धुतली, नंतर धुतलेली गाडी पुन्हा धुतली.

जुलैत ती आली. उंच झाली होती आणि तिला पोहता येत होतं. रूपा तिला सोडून आपल्या माहेरी जालन्याला गेली. सुट्टी कशी सरली कळलं नाही. परत जायच्या आदल्या दिवशी सकाळी बन्सी वकिलांचा फोन आला.

"पोरगी आलीये म्हणं?"

"आलीये. उद्या जायची आहे."

"बघा, मी आपलं सांगतो," बन्सी वकील म्हणाले. "आज ती तुमच्या घरात आहे. तुमच्या हातात आहे. नका पाठवू. पोरीला जायचं नाय म्हणून अर्ज टाकू. तारखा पडत राहतात, तवर तिकडची शाळा सुरू होऊन जाती. मग काय व्हायचं ते होऊ द्या."

राजकुमारनं तडकाफडकी नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "विचार करून सांगतो." फोन ठेवला आणि खरोखरच विचार करत बसला. आतल्या खोलीत अमृता आजीला जर्मन आकडे शिकवत होती आणि भामाबाई प्रत्येक आकड्याला मराठवाडी हेल काढत होती. तो ऐकत राहिला. इथल्या शाळेत नाव घालता येईल. पुंडलिकनगरात ट्यूशन आहेत. माय खूश होईल. रूपा रडेल, पण रूपा काय, रडून थांबते. सगळं जमण्यासारखं होतं. एवढं जमण्यासारखं असावं, याचीच त्याला भीती वाटली. ज्या बाईवर त्यानं मनातल्या मनात संशय घेतला, की पोरगी दाबून ठेवील म्हणून, तिनं शब्द पाळून ती आणून सोडली होती. आणि दाबून ठेवायचा हिशेब आता तो स्वतः, पुंडलिकनगरातल्या पलंगावर बसून मांडत होता.

त्यानं बन्सी वकिलांना फोन लावून नाही म्हणून सांगितलं. मग मोबाईल बंदच करून ठेवला. वकिलांवर त्याचा राग नव्हता, भरवसा स्वतःवरच नव्हता.

दुसऱ्या दिवशी विमान दुपारचं होतं. राजकुमारनं सकाळीच अमृताला उठवलं, भामाबाईला दशम्या बांधायला लावल्या आणि रिक्षा बोलावली. "एवढ्या लवकर?" भामाबाई म्हणाली. "रस्त्यात गर्दी असती," तो म्हणाला. रस्त्यात कुणी नव्हतं. चिकलठाण्याला विमानतळाच्या दारावरच्या जवानानं तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं आणि त्यालाही बघितलं.

"भाईसाब, अभी बहोत टाइम है. बाद में आओ."

मग बापलेक बाहेरच्या बाकावर बसले. दशम्या खाल्ल्या. अमृता बॅगेवर पाय टाकून झोपली, उठली, पुन्हा भूक लागली म्हणाली. त्यानं समोरच्या गाड्यावरून केळी आणली. एक काळं पडलेलं निघालं, ते त्यानं काही न बोलता स्वतः खाल्लं.

उन्हं वर आल्यावर रूपा जालन्याहून आली. रिक्षातून उतरली ती घाबरीघुबरी होऊन. दोघं बाकावर दिसले तेव्हा ती आहे तिथंच थांबली.

"कालपासून तुमचा फोन बंद," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "मला वाटलं, तुम्ही येणारच नाय."

"मलाबी तसंच वाटलं होतं," राजकुमार म्हणाला. "म्हणून लवकर आलो."

रूपा अमृताच्या पलीकडं बाकावर बसली. अजून बराच वेळ होता. तिनं डब्यात हात घालून उरलेली दशमी काढली, एक तुकडा तोडला आणि म्हणाली, "मायनी केल्यात ना? चांगल्या झाल्यात."

"मीठ बरोबर आहे," राजकुमार म्हणाला.